थंडीच्या कडाक्यांत गुरांची निगा

सन २०१८ च्या डिसेंबरअखेर नाशिक जिल्ह्यांत निफाडास पारा २ अंशांखालीं उतरला होता. अशा थंडींत पुष्कळ शेतकरी बंधू गोठ्याची प्रत्येक फट बुजवितात. आम्हींही एकदां तसेंच केलें आणि छातीच्या विकारानें एक गोऱ्हा गमाविला. कोंडलेल्या हवेंत मुताची वाफ गुरांच्या फुप्फुसांस बाधते. यास्तव वाऱ्याच्या बाजूस गोणपाटाचे पडदे सोडावेत, परंतु आढ्याजवळून हवा खेळती ठेवावी. जमीन कोरडी राखून वर पाचट अंथरावें. रात्रीं कडबा अधिक घालावा. तो पचतांना अंगांत ऊब उत्पन्न होते. सकाळीं हौदांतील गार पाण्याऐवजीं विहिरीचें ताजें पाणी पाजावें. नवजात वासरूं पुसून कोरडें करावें व तासाभरांत त्यास चीक पाजावा. मुक्या जनावरास गाऱ्हाणें सांगतां येत नाहीं; पहांटे उठून गोठा पाहणें हें धन्याचेंच कर्तव्य होय.