वाटेवरचा जागता कॅमेरा

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाचे जॉर्ज शायरस हे पेशाने वकील, काही काळ अमेरिकी काँग्रेसचे सदस्य आणि तरुणपणी पट्टीचे शिकारी. रात्री होडीच्या टोकाशी दिवा ठेवायचा आणि काठावरच्या हरणाचे डोळे चमकताच नेम धरायचा, ही ओजिब्वा आदिवासींची रीत त्यांनी उचलली होती. पुढे त्यांनी बंदुकीच्या जागी कॅमेरा ठेवला. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे वाटेवर आडवी तार ताणून ठेवायची, म्हणजे जनावराच्या धक्क्यानेच त्याचे छायाचित्र निघते. 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकाने जुलै १९०६ च्या अंकात शायरस यांची ७४ छायाचित्रे प्रसिद्ध केली. आपल्याकडे संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० च्या दशकात याच युक्तीने मोकळ्या रानातील वाघ टिपले. त्यांचे 'विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड' हे पुस्तक १९२७ सालचे.

आजच्या कॅमेऱ्याला तार लागत नाही. झाडाच्या बुंध्याला पट्ट्याने बांधलेली ही लहानशी पेटी जनावर समोर येताच आपोआप जागी होते. तिला इंग्रजी वळणाने ट्रेल कॅमेरा म्हणतात, आपल्या वनखात्यात कॅमेरा ट्रॅप. २०२२ च्या व्याघ्रगणनेत देशभर ३२,५८८ ठिकाणी असे कॅमेरे लावले गेले. त्यांनी टिपलेल्या ४.७ कोटींहून अधिक छायाचित्रांपैकी ९७,३९९ वाघांची होती. वाघाच्या डाव्या व उजव्या कुशीवरील पट्टे वेगवेगळे असतात. म्हणूनच गणनेत वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात.

हा कॅमेरा घरी बनविण्याचा छंद मात्र अमेरिकेतला. हंगामापूर्वी कोणते हरीण कोणत्या वाटेने आणि किती वाजता जाते, हे तेथील शिकाऱ्यांना जाणून घ्यायचे असे. २००० नंतरच्या दशकात अनेकांनी जुने फिल्मचे, व पुढे सोनी सायबरशॉटसारखे छोटे डिजिटल कॅमेरे उघडले. चालू करण्याचे बटण, फोकस आणि शटर यांच्या जोडण्यांना बारीक तारा डाखल्या, त्या संवेदकाच्या सर्किटला जोडल्या आणि सगळा संसार एका जलरोधक पेटीत बसविला. आज त्या कॅमेऱ्यांची जागा रास्पबेरी पाय किंवा ईएसपी-३२ कॅम या स्वस्त पट्ट्यांनी घेतली आहे. तत्त्व तेच राहिले.

या यंत्राचा प्राण म्हणजे पीआयआर संवेदक. तो प्राणी ओळखत नाही, उष्णता ओळखतो, आणि नेमके सांगायचे तर उष्णतेतील फरक. सजीवाच्या अंगातून सतत अवरक्त किरण बाहेर पडत असतात. संवेदकाच्या पोटात दोन तुकडे एकमेकांविरुद्ध जोडलेले असतात. दोहोंवर सारखीच उष्णता पडली तर परिणाम शून्य. उबदार शरीर एकासमोरून दुसऱ्यासमोर सरकले की तोल बिघडतो आणि इशारा मिळतो. घर बांधणाऱ्याला छळणारी बहुतेक सारी कोडी या एका गोष्टीत उलगडतात.

पहिले कोडे काचेचे. पेटीत पाणी शिरू नये म्हणून नवखा माणूस कॅमेरा आणि संवेदक दोन्ही एकाच काचेआड बसवतो, आणि मग समोर हत्ती उभा राहिला तरी यंत्र ढिम्म हलत नाही. साधी काच आपल्याला पारदर्शक दिसते, परंतु शरीरातून येणाऱ्या दीर्घ तरंगांच्या अवरक्त किरणांना ती भिंतच असते. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे काच हवी; संवेदकापुढे मात्र त्याच्यासोबत मिळणारे पांढुरके पॉलिथिनचे भिंगच हवे, दुसरे काही नको. त्याच्या कडा सिलिकॉनने बुजवाव्यात आणि पेटीत सिलिका जेलची एक पुडी टाकावी. पावसाळ्यात भिंगावर आतून धरणारा दमटपणा मुंग्यांपेक्षाही अधिक चित्रे खराब करतो.

दुसरे कोडे दिशेचे. आडवे जाणारे जनावर संवेदकाला चटकन कळते, थेट अंगावर येणारे उशिरा. उलट कॅमेरा झोपेतून जागा व्हायला एक-दोन सेकंद घेत असेल, तर आडवे जाणारे जनावर तोवर निघून गेलेले असते आणि चित्रात नुसते शेपूट उरते. यावर तोड अशी की, कॅमेरा वाटेला काटकोनात न लावता तिरका लावावा, म्हणजे जनावर चौकटीत अधिक काळ राहते. तोंड उत्तरेकडे असल्यास उत्तम. पूर्वेचे वा पश्चिमेचे ऊन समोरच्या गवतावर पडले आणि वारा सुटला, की तापलेले प्रत्येक पाते संवेदकाला 'प्राणी' भासते आणि रिकामी चित्रे शेकड्यांनी साठतात.

तिसरे कोडे खास आपल्या हवामानाचे आहे. उन्हाळ्यात जमिनीचे तापमान जनावराच्या अंगाइतके झाले, की फरकच उरत नाही आणि संवेदक जणू आंधळा होतो. थंड प्रदेशात उत्तम चालणारे यंत्र मे महिन्यात विदर्भात मौन पाळते, ते बिघडलेले नसते. अशा दिवसांत रात्रीच्या व पहाटेच्या नोंदींवर भिस्त ठेवावी.

विजेचा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. नुसता संवेदक सुमारे ५० मायक्रोअँपिअर प्रवाह घेतो; २,००० मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीवर तो कागदोपत्री चार वर्षे जागा राहील. रास्पबेरी पाय झिरो सतत चालू ठेवला तर सुमारे १०० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे तीच बॅटरी वीस तासांत संपते. सबब संगणकाला झोपू द्यावे आणि राखणीला फक्त संवेदक बसवावा. प्रकाशासाठी ९४० नॅनोमीटरचे एलईडी घेतल्यास जनावराला चमक दिसत नाही, मात्र पल्ला कमी मिळतो. ८५० नॅनोमीटरचे अधिक लांब पोहोचतात, पण अंधारात फिकट लाल दिसतात.

आता जागेचा प्रश्न. अमेरिकेतही या यंत्राच्या अतिवापरावर आक्षेप आले आहेत. पाणवठ्यावर कॅमेरा लावून जनावराची वेळ आधीच कळत असेल, तर ती शिकार न्याय्य कशी, हा वाद वाढत गेला आणि ॲरिझोना राज्याने १ जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी हे कॅमेरे वापरण्यावर बंदी घातली. भारतात वन्यप्राण्यांची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेच निषिद्ध आहे. अभयारण्यात छायाचित्रणासाठी परवाना लागतो. वनजमिनीवर परवानगीवाचून कॅमेरा बांधू नये. बिबट्याचे चित्र मिळाले तर नेमके ठिकाण जगजाहीर करू नये, कारण ते चोरट्या शिकाऱ्याच्याही उपयोगी पडते.

शिवाय संवेदक माणसालाही तितकाच इमानाने टिपतो. कॉर्बेट परिसरात लाकूडफाट्यासाठी रानात जाणाऱ्या स्त्रियांना या कॅमेऱ्यांचा कसा जाच झाला, हे केंब्रिज विद्यापीठातील एका अभ्यासाने २०२४ साली पुढे आणले. स्वतःच्या शेतात कॅमेरा लावतानाही त्या वाटेने जाणाऱ्या शेजाऱ्यांना सांगून लावावा.

आपले शेत ही काही दुय्यम जागा नव्हे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या उसाच्या पट्ट्यात, जेथे दाट वस्ती आहे आणि अभयारण्य नाही, तेथे विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार तेथे दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि जवळजवळ तितकेच तरस होते. शेजारी राहणारी ही जनावरे बहुतेक वेळा माणसाच्या नजरेस न पडताच ये-जा करीत होती.

कॅमेरा तयार झाला की पहिले आठ दिवस तो अंगणातच बांधावा. घरचे मांजर किती अंतरावर टिपले जाते आणि त्याचे डोके चित्रात येते की शेपूट, हे पाहून कोन ठरवावा. रानात नेण्यापूर्वी आतल्या घड्याळाची तारीख व वेळ तपासून घ्यावी. वेळ चुकीची पडली, तर ऊदमांजर संध्याकाळी आले की पहाटे, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.