टर्बोभारित एंजिने, क्रीडा मोटारगाड्यांतील

टर्बोभारित एंजिने, क्रीडा मोटारगाड्यांतील : एंजिनातून बाहेर पडणाऱ्या निष्कास वायूंवर टरबाइन फिरवून तिच्या साहाय्याने सिलिंडरात वातावरणापेक्षा अधिक दाबाने हवा भरली जाते, अशा एंजिनास टर्बोभारित एंजिन म्हणतात. ज्यात हवा केवळ दट्ट्याच्या चूषण धावेमुळे आत येते, ते नैसर्गिक चूषण एंजिन होय. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत बहुतेक क्रीडा मोटारगाड्यांत दुसऱ्या प्रकारचे एंजिन असे. २०१० नंतरच्या दशकात त्याची जागा पहिल्याने घेतली.

भारतीय वाचकास हा बदल छत्रपती संभाजीनगर येथे (पूर्वीचे औरंगाबाद) जवळून पाहता येतो. शहराच्या पूर्वेस जालना मार्गावरील शेंद्रा औद्योगिक वसाहतीत स्कोडा कंपनीचा कारखाना २००१ मध्ये सुरू झाला. तेथे ऑक्टेव्हिया गाडीची जुळणी होऊ लागली. पुढे ऑडीच्या काही गाड्याही तेथे जुळविल्या जाऊ लागल्या. ऑक्टेव्हिया मालिकेतील आरएस ही टर्बोभारित पेट्रोल एंजिनाची गाडी २००४ मध्ये भारतीय बाजारात आली. टर्बोभारक म्हणजे मालमोटारींच्या डीझेल एंजिनावरचे साधन, अशी समजूत असलेल्या काळात तिचे नावीन्य मोठे होते. तिच्या १,७८१ घ. सेंमी. एंजिनाची शक्ती १५० अश्वशक्ती होती. याच मालिकेतील १,९८४ घ. सेंमी.चे नैसर्गिक चूषण एंजिन ११५ अश्वशक्तीचे होते.

लहान एंजिनाने मोठ्यास मागे टाकण्याचे कारण हवेत आहे. एक किग्रॅ. पेट्रोल पूर्ण जाळण्यास सु. १४·७ किग्रॅ. हवा लागते, म्हणून एंजिनाची शक्ती ते दर मिनिटास किती हवा घेते यावर ठरते. हवा वाढविण्याचे तीन मार्ग आहेत : सिलिंडर मोठे करणे, फेरे वाढविणे किंवा हवा दाबून भरणे. नैसर्गिक चूषण एंजिनास पहिले दोनच मार्ग मोकळे असतात, शिवाय ते स्थानिक हवामानाच्या अधीन राहते. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सु. ५७० मी. उंच असल्याने तेथील हवेचा दाब सु. ६ ते ७ टक्के कमी असतो. मे महिन्यात तापमान ४० से. झाले, म्हणजे १५ से. तापमानाच्या तुलनेत घनता आणखी सु. ८ टक्क्यांनी घटते. टर्बोभारक दाबातील ही तूट बरीचशी भरून काढतो. उष्णतेचा प्रश्न मात्र त्यालाही सुटत नाही, उलट वाढतो. कारण दाबल्याने हवा तापते आणि तापलेल्या मिश्रणात अकाली ज्वलन होऊन एंजिन ठोके देऊ लागते. म्हणून दाबलेली हवा मध्यशीतकातून नेतात. दाब मर्यादेबाहेर जाऊ नये यासाठी वेस्टगेट नावाची झडप काही निष्कास वायू टरबाइनला वळसा घालून सोडून देते.

ही कल्पना जुनी आहे. स्विस अभियंते आल्फ्रेट ब्यूखी यांनी १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. मोटारगाड्यांत ती १९६२ मध्ये अमेरिकेत आली, तर बीएमडब्ल्यूची २००२ टर्बो ही गाडी १९७३ मध्ये, नेमकी खनिज तेलाच्या टंचाईच्या तोंडावर, बाजारात आली. रेनॉ कंपनीने १९७७ मध्ये फॉर्म्युला वन शर्यतीत टर्बोभारित गाडी उतरविली. पुढे अशा एंजिनांवर १९८९ पासून बंदी आली व २०१४ मध्ये ती परतली. त्यामुळे ग्रेटर नोएडा येथे २०११ ते २०१३ या काळात झालेल्या तिन्ही शर्यती नैसर्गिक चूषण एंजिनांवरच धावल्या.

पूर्वीच्या टर्बोभारित गाड्यांत पायदाब दिल्यावर टरबाइन वेग घेईपर्यंत काही काळ जाई आणि मग सारी शक्ती एकदम येई. हलकी टरबाइनचक्रे, सिलिंडरात थेट इंधनक्षेपण आणि संगणकीय नियंत्रण यांमुळे हा विलंब बराच घटला. ऑडी आरएस-५ या गाडीच्या दोन पिढ्या या दृष्टीने बोधप्रद आहेत. २०१० च्या गाडीतील ४·२ लिटर एंजिन ४५० अश्वशक्ती दर मिनिटास ८,२५० फेऱ्यांना देई व त्याचे परिबल ४३० न्यूटन-मीटर होते. २०१७ च्या गाडीतील २·९ लिटर टर्बोभारित एंजिनाची शक्ती तेवढीच राहिली. पण परिबल ६०० न्यूटन-मीटर झाले आणि ते १,९०० फेऱ्यांपासूनच मिळू लागले. समृद्धी महामार्गावरील ताशी १२० किमी. मर्यादेत ४५० अश्वशक्ती निरुपयोगीच. कमी फेऱ्यांतील परिबल मात्र पुढील वाहनास ओलांडताना लगेच जाणवते.

तरीही या बदलास रसिक चालकांच्या पसंतीपेक्षा कायदा अधिक कारणीभूत झाला, असे म्हणणे योग्य ठरेल. यूरोपीय संघाने २००९ च्या नियमाने नव्या गाड्यांच्या कार्बन डाय-ऑक्साइड उत्सर्जनाची सरासरी किमी.मागे १३० ग्रॅ.पर्यंत आणण्याचे बंधन २०१५ साठी घातले. भारतात २००६ पासून चार मीटरपेक्षा आखूड व १,२०० घ. सेंमी.पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना उत्पादनशुल्कात सवलत मिळाली. अशा नियमांत लहान एंजिन लाभते. चाकण येथे बनणाऱ्या स्कोडा रॅपिडमध्ये २०२० साली १·६ लिटरच्या १०५ अश्वशक्तीच्या एंजिनाऐवजी १ लिटरचे ११० अश्वशक्तीचे टर्बोभारित एंजिन आले, ते याच प्रवाहात. परंतु प्रयोगशाळेतील चाचणी हलक्या भारावर होते आणि लहान एंजिनाची काटकसर तेथेच दिसते. जोरात चालविल्यास टरबाइन व निष्कास मार्ग थंड राखण्यासाठी अनेक एंजिनांत जादा इंधन सोडावे लागते, आणि कागदावरील बचत रस्त्यावर विरते.

गमावलेली गोष्ट मोजमापात बसत नाही. नैसर्गिक चूषण एंजिन पायाच्या हालचालीस तत्काळ प्रतिसाद देते आणि फेऱ्यांबरोबर त्याचा स्वर चढत जातो. टरबाइन वाटेत आल्याने तो स्वर दबतो. पोर्श कंपनीने २०१६ मध्ये ७१८ मालिकेत सहा सिलिंडरांऐवजी चार सिलिंडरांची टर्बोभारित एंजिने बसविली, तेव्हा त्यांच्या आवाजावर बरीच टीका झाली. २०२० मध्ये याच मालिकेच्या जीटीएस प्रकारात कंपनीने सहा सिलिंडरांचे ४ लिटर नैसर्गिक चूषण एंजिन पुन्हा आणले. त्याची शक्ती ४०० अश्वशक्ती होती.