218 किलोंचा बॅरल, एका बोटावर

कारखान्याच्या दारात उभा असलेला बॅरल दिसायला गरीब. उंची 88 सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम कमरेएवढी; रुंदी 58. त्यात 200 लिटर पाणी भरलं की पत्र्यासकट वजन जातं 218 किलोंच्या घरात. पाण्याऐवजी तेवढंच तीव्र गंधकाम्ल असेल तर नुसता मालच 368 किलो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, म्हणून आधी लेबल वाचायचं.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं 1967 साली एका पुरुषानं हातानं वाहायच्या ओझ्याला 55 किलोंची मर्यादा सुचवली. त्या हिशेबानं पाण्याच्या बॅरलला चार जण जेमतेम पुरतात. पण धरणार कुठे? अंग गुळगुळीत, ना कान ना कडी. जाणता हमाल म्हणूनच तो उचलण्याच्या फंदात पडत नाही, कलता करतो.

वरच्या काठाला आडवा रेटा द्यायचा तर सुरुवातीला साधारण 72 किलोंचा जोर लागतो. बॅरल जसा कलतो तसा जोर कमी होत जातो आणि 33 अंशांवर चक्क शून्य! 218 किलो एका बोटावर तोललेले. मग खालच्या कडेवर गरागरा फिरवत नेतात. दोन अंश पुढे गेलं की मात्र बॅरलच माणसाला ओढू लागतो. अर्धवट भरलेला तर महालबाड: आत पाणी हिंदकळतं आणि ती शून्याची जागाच सरकते.

आता ट्रक. हौदा 1.2 मीटर उंच. 3.6 मीटरच्या फळ्या तिरक्या टाकल्या की 218 चे 73 झाले. दोराचं एक टोक हौद्याला बांधून, बॅरलखालून वळसा घालून दुसरं वरून ओढलं की 36. असे दोन दोर, दोन माणसं: प्रत्येकी 18 किलो. घर्षणाचं थोडं वर धरा. फळीखाली मात्र कुणी थांबायचं नाही.

कारण तोच बॅरल हौद्यावरून सुटला तर जमिनीशी ताशी 17 किलोमीटरनं येतो. दोन सेंटिमीटरांत थांबला तर सरासरी दणका 13 टनांचा. खाली जुना टायर असेल आणि तो वीस सेंटिमीटर दबला, तर दीड टन. टायर टाकणारा हमालही तो टाकून चार पावलं मागे सरतो.