उन्हाने करपलेली त्वचा : स्नुहीकुळातील एका औषधाचा धडा

उन्हात आयुष्य वेचलेल्या वृद्धाच्या गालावर, कानाच्या पाळीवर वा टकलावर खरखरीत, खपलीयुक्त, तांबूस चट्टा दिसला की आपण सहजच लेप लिहून देतो. तो चट्टा ‘ॲक्टिनिक केराटोसिस’ असू शकतो, आणि ही कर्करोगाची पूर्वावस्था होय. गौरवर्णीयांच्या ऑस्ट्रेलियात हा विकार फार आढळतो. सावळ्या त्वचेचे रक्षण मेलॅनिन करते, म्हणून तो आपल्याकडे विरळ. मात्र जन्मतः वर्णहीन त्वचा असलेल्यांना हे कवच नसते.

बहुतेक चट्टे कर्करोगापर्यंत जात नाहीत. काही आपोआप मावळतातही. परंतु कोणता पुढे जाईल हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही, म्हणून उपचार आवश्यक ठरतो. मोजके चट्टे उणे १९६ अंश सेल्सियसच्या द्रवरूप नायट्रोजनने गोठवतात. अनेक असल्यास ५ टक्के फ्लुरोयुरॅसिल वा इमिक्विमोडचे मलम, किंवा प्रकाशसंवेदी औषध लावून प्रकाशोपचार करतात. अमेरिकेत २०२० साली मान्यता मिळालेले टिरबॅनिब्युलिन केवळ पाच दिवस लावावे लागते.

आम्हा वैद्यांना विशेष बोधप्रद आहे ती इंजिनॉल मेब्युटेटची कथा. क्षारसूत्रात आपण ज्या स्नुहीचा चीक वापरतो, तिच्याच युफोर्बिया प्रजातीतील ‘युफोर्बिया पेप्लस’ या तणाच्या चिकातून हे द्रव्य मिळाले. ऑस्ट्रेलियातील लोक तो चीक घरगुती उपाय म्हणून त्वचेवर लावीत. २०१२ साली अमेरिकेने या औषधाला मान्यता दिली. दोन-तीन दिवसांच्या लेपनाने चट्टे जात. पुढे तीन वर्षांच्या तुलनात्मक अभ्यासात इमिक्विमोडपेक्षा या औषधाच्या गटात त्वचेचे कर्करोग अधिक आढळले, आणि २०२० साली ते युरोपातून मागे घेण्यात आले.

तात्पर्य, वनस्पतिजन्यता ही निर्धोकतेची हमी नव्हे, आणि चट्टा दिसेनासा होणे म्हणजे व्याधी निर्मूल होणे नव्हे. क्षारकर्म व अग्निकर्म ही सुश्रुतपरंपरेची भूषणे आहेत. परंतु निदान न झालेल्या चट्ट्यावर क्षार लावल्यास वरची त्वचा भरून येते, खाली अर्बुद वाढत राहू शकते आणि बायोप्सीसाठी निर्णायक ऊतीही उरत नाही.

म्हणून वैद्यबंधूंना व औषधालयचालकांना आमची विनंती अशी : चट्टा जाड, कठीण वा दुखरा झाला, त्यातून रक्त येऊ लागले, व्रण पडला किंवा तो झपाट्याने वाढला, तर मलमाची डबी हातात देण्यापूर्वी रुग्णास त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे. टोपी, छत्री व पूर्ण बाह्यांचा सदरा यांचा आग्रह धरावा. नियमित सनस्क्रीनने नवे चट्टे कमी होतात, हे १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियन अभ्यासाने दाखविले आहे. निदानपरिवर्जन हा तर आपल्याच शास्त्राचा पहिला उपचार होय.