‘नेट नाही’ म्हणजे नेमके काय नाही?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणारा कारागीर ‘मशीन बंद आहे’ एवढेच सांगून थांबत नाही. लाइट आलेली नाही, मोटर फिरते पण चक फिरत नाही, किंवा चक फिरतो पण जोर पडला की पट्टा घसरतो, असे तो सांगतो. एवढे कळले की दुरुस्तीला कुठे हात घालायचा हे ठरते. संगणकाचे वायफाय बिघडले की आपण शिकलेली माणसे मात्र ‘नेट नाही’ या दोन शब्दांवर अडतो. याच परिसरात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, विद्यार्थ्यांच्या खोल्या आहेत. तिथेही ऐकू येते ते हेच वाक्य.

हा प्रश्न आता अधिक जणांना पडणार आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नेहमीचे साहाय्य संपले आणि बऱ्याच जुन्या यंत्रांवर विंडोज ११ रीतसर बसत नाही. त्यामुळे शिक्षकांचे, विद्यार्थ्यांचे धडधाकट लॅपटॉप लिनक्सकडे वळत आहेत. तिथे पहिल्याच दिवशी वायफाय दिसले नाही, तर चांगले यंत्र कपाटात जाते.

म्हणून आधी क्रियापद नीट निवडावे. दिसत नाही, जोडले जात नाही आणि चालते पण हळू, हे तीन वेगळे बिघाड आहेत.

‘दिसत नाही’ यातही दोन प्रकार. सेटिंगमध्ये वायफाय हा पर्यायच नसेल, तर संगणकाला आपले वायफाय कार्ड वापरता येत नाही. कार्ड चालवायला दोन गोष्टी लागतात : लिनक्समधला ड्रायव्हर आणि खुद्द कार्डात भरला जाणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर. हे फर्मवेअर अनेक उत्पादक मुक्त परवान्याने देत नाहीत. डेबियनसारख्या तत्त्वनिष्ठ वितरणाने ते वर्षानुवर्षे आपल्या अधिकृत प्रतिष्ठापन-संचाबाहेर ठेवले होते. २०२२ मध्ये सदस्यांनी मतदान करून धोरण बदलले आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते संचात आले. म्हणजे कोणी जुनी डिस्क दिली असेल, तर दोष यंत्राचा नसून डिस्कचा असू शकतो. आता गंमत अशी की फर्मवेअर उतरवून घ्यायला नेट लागते आणि नेटसाठी फर्मवेअर! यातून सुटायला मोबाइल केबलने लॅपटॉपला जोडावा आणि मोबाइलमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करावे. लिनक्स सहसा त्याला तारेची जोडणी समजते आणि काम भागते.

पर्याय आहे पण यादी रिकामी, असे असेल तर टर्मिनलमध्ये ‘आरएफकिल लिस्ट’ ही आज्ञा द्यावी. उत्तरात ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’पुढे ‘येस’ असेल तर वायफाय प्रणालीने बंद केलेले आहे. ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ म्हटले की बहुधा सुरू होते. ‘हार्ड ब्लॉक्ड’पुढे ‘येस’ असेल तर आज्ञा देत बसू नये. लॅपटॉपच्या कडेला एखादे बटण किंवा कळफलकावर विमानाच्या चित्राची कळ आहे का, ते पाहावे.

सर्वांत चकवणारा प्रकार वेगळाच. शेजाऱ्यांची नेटवर्के दिसतात, मोबाइलला आपलेही दिसते, फक्त लॅपटॉपला तेवढे एक दिसत नाही. राउटर ५ गिगाहर्ट्झवर आणि कार्ड फक्त २.४ चे, हे एक कारण. दुसरे कारण देशाचे. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात आपल्याकडे १ ते १३ वाहिन्या चालतात, अमेरिकेच्या नियमांनुसार लावलेले कार्ड ११ वर थांबते. राउटरने आपोआप १३ वी वाहिनी निवडली की लॅपटॉपच्या लेखी ते नेटवर्क अस्तित्वातच नसते. राउटर १, ६ किंवा ११ वर बांधून ठेवणे हा सोपा उपाय; या तिन्ही वाहिन्या एकमेकींवर चढत नाहीत, हा वरचा फायदा.

जोडलेच जात नसेल, तर जतन केलेली जोडणी पुसून पासवर्ड नव्याने द्यावा. बहुतेक वेळा राउटरचा पासवर्ड बदललेला असतो आणि लॅपटॉप जुनाच घोकत असतो.

हळू चालते तेव्हा लिनक्सला दोष देण्याआधी राउटरशेजारी जाऊन बसावे. तिथे वेग आला तर अडथळा वाटेत आहे. पत्र्याची शेड, लोखंडी कपाट रेडिओलहरी परतवतात. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हरते. शेजारी बसूनही हळूच असेल, तर राउटरला ‘पिंग’ करावे. उत्तर काही मिलिसेकंदांत, सलग येत असेल तर खोलीतले सारे ठीक आहे, तक्रार बाहेरच्या लाइनची करावी. उत्तर अडखळत येत असेल तर वायफायची वीजबचत बंद करून पाहावी. बॅटरी वाचवण्यासाठी कार्ड मध्येमध्ये डुलकी घेते, काही कार्डांना त्यातून नीट जागे होता येत नाही.

मदत मागताना पडद्यावरचा इंग्रजी संदेश जसाच्या तसा लिहावा. भाषेच्या अभिमानाने ‘ड्रायव्हर’ला ‘चालक’ करून विचारले, तर उत्तर देणारा गोंधळतो. बाकीचे वर्णन मराठीतच उत्तम होते : ‘काल प्रणाली अद्ययावत केली, तेव्हापासून वायफायचा पर्यायच दिसत नाही, केबलने नेट चालते.’ एवढ्यावरून जाणकार थेट ड्रायव्हरकडे वळेल आणि आधी जुन्या कर्नलने संगणक सुरू करून पाहायला सांगेल.