अंधार टिपणारी यंत्रे – भाग ६ : अतिउजेडापासून जपणूक

गेल्या आठवड्यात आपण इमेज इंटेन्सिफायरची रचना पाहिली. फोटोकॅथोडवर प्रकाशकण पडला की इलेक्ट्रॉन सुटतो. मायक्रोचॅनल प्लेटच्या केसाहून बारीक काचनळीत शिरून तो भिंतींवर आपटत जातो, दर धडकेला आणखी इलेक्ट्रॉन उडवतो. शेवटी त्यांचा लोंढा फॉस्फरच्या पडद्यावर आदळतो आणि एक ठिपका उजळतो. हे सारे निर्वात नळीत, हजारो व्होल्टवर घडते.

इतके नाजूक यंत्र चालवायचे कसे? उदाहरण आपलेच घेऊ. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘ॲस्ट्रोसॅट’ हा उपग्रह झेपावला. त्यावरची अतिनील दुर्बीण, ‘यूव्हीआयटी’, उभारण्यात बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेबरोबर पुण्याच्या ‘आयुका’चाही मोठा वाटा आहे. तिच्या तिन्ही कॅमेऱ्यांत इंटेन्सिफायर आहेत, आणि एकदा कक्षेत गेल्यावर दुरुस्तीला कोणी जाऊ शकत नाही.

म्हणून दुर्बिणीची दारे दोन महिने उघडलीच नाहीत. ती उघडली ३० नोव्हेंबरला. नव्या उपग्रहाच्या भागांतून वाफा सुटत राहतात. त्या आरशांवर बसल्या आणि वर अतिनील किरण पडले, तर थर कायमचा चिकटतो. शिवाय हवेचा अंश उरलेल्या जागी उच्च व्होल्टेज दिले तर ठिणगी पडण्याची भीती असते.

पुढचा धोका उजेडाचा. उपग्रह सुमारे ९७ मिनिटांत पृथ्वीभोवती एक फेरी मारतो, पण निरीक्षण होते ते फक्त फेरीतल्या रात्रीच्या भागात. दर फेरीला हाती लागतो जेमतेम अर्धा तास.

रात्रीही प्रखर तारे असतातच. साध्या कॅमेऱ्यात तारा जास्त उजळ आला तर तेवढे छायाचित्र वाया जाते. इथे मात्र त्याच त्या काचनळ्यांतून सतत लोंढे वाहिल्याने त्यांची इलेक्ट्रॉन उडवण्याची ताकद झिजते, आणि उलट्या दिशेने धावणारे आयन फोटोकॅथोडला मारा करतात. तेवढी जागा कायमची मंदावते. म्हणून निरीक्षणाचा प्रस्ताव देणाऱ्यालाच आधी तपासावे लागते, की आपल्या चौकटीत धोकादायक तारा येत नाही ना. आला, तर ती जागा सोडून द्यायची! अनेक आकर्षक जागा अशा हातच्या जातात, तरी ही शिस्त मला अगदी योग्य वाटते. तरीही चुकून प्रखर तारा समोर आलाच, तर कॅमेऱ्यातली यंत्रणा जमिनीवरच्या आदेशाची वाट न पाहता व्होल्टेज तोडते.

मंद प्रकाशाचा आणखी एक फायदा आहे. यूव्हीआयटीचा अतिनील कॅमेरा सेकंदाला सुमारे २९ चौकटी टिपतो आणि एकेक प्रकाशकण सुटा मोजतो. एकाच चौकटीत, एकाच जागी दोन कण पडले तर ते एकच मोजले जातात. म्हणजे तारा धोक्याच्या मर्यादेखाली असला, तरी जास्त उजळ असल्यास मोजणी खोटी पडते.

ही पथ्ये पाळल्यामुळेच एका अतिशय फिकट दीर्घिकेकडे ऑक्टोबर २०१६ मध्ये, अनेक फेऱ्या मिळून, २८ तासांहून अधिक काळ पाहता आले. आयुकाचे कनक साहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ती जाहीर केली: एयूडीएफएस०१, सुमारे ९३० कोटी प्रकाशवर्षे दूर.

(पुढील भागात : नॅनोसेकंदांचे शटर)