जी-क्वाड्रुप्लेक्स लिगँड

जी-क्वाड्रुप्लेक्स लिगँड म्हणजे डीएनएच्या चौपेडी रचनेला चिकटून तिला स्थैर्य देणारे लहान रेणू होत. कर्करोगावरील संभाव्य औषधे म्हणून त्यांचा अभ्यास केला जातो.

रचना

डीएनए म्हटले की दुपेडी गोफ डोळ्यांसमोर येतो. तथापि ग्वानिन हा घटक ज्या भागात सलग व वारंवार येतो, तेथे साखळी स्वतःवरच दुमडून चौपेडी होऊ शकते. चार ग्वानिन हायड्रोजन बंधांनी जोडले जाऊन एक सपाट चौकट बनते. अशा चौकटी एकीवर एक रचल्या जातात व त्यांच्या मधोमध पोटॅशियमचे आयन बसतात. या चौकटीचे वर्णन गेलर्ट, लिप्सेट व डेव्हिस यांनी १९६२ मध्ये केले. मानवी पेशींत ही रचना प्रतिपिंडाच्या साहाय्याने दिसली ती मात्र २०१३ मध्ये, केंब्रिज येथे शंकर बालसुब्रमण्यन यांच्या गटाला.

कर्करोगाशी संबंध

गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर म्हणतात. मानवात तेथे टी-टी-ए-जी-जी-जी हा क्रम पुनःपुन्हा येतो. सुमारे ८५ ते ९० टक्के कर्करोगांत टेलोमरेज हे विकर ही टोके लांबवत राहते, म्हणून पेशींचे विभाजन थांबत नाही. टोक चौपेडी झाले तर विकराला पकड मिळत नाही. १९९७ मध्ये नीडल, हर्ली व सहकाऱ्यांनी एका अँथ्राक्विनोन संयुगाने हे साधता येते असे दाखवले. सी-मिक या जनुकाच्या नियंत्रक भागातही अशीच रचना बनते.

रेणूची आखणी

रेणूचा गाभा रुंद व सपाट ठेवतात, म्हणजे तो शेवटच्या चौकटीवर नीट बसतो. त्याच्या धनभारित बाजूच्या शाखा डीएनएच्या खाचांत शिरून ऋणभारित फॉस्फेटांना धरतात. खरी अडचण निवडकतेची आहे. पेशीत दुपेडी डीएनए कितीतरी अधिक असते, आणि अरुंद सपाट रेणू त्याच्या पायऱ्यांमध्येही सहज घुसतो. म्हणून गाभा त्या फटीत न मावेल इतका मोठा करावा लागतो. पण रेणू फार मोठा झाला तर तो पेशीत शिरणेच अवघड होते. स्ट्रेप्टोमायसीस जिवाणूपासून मिळालेल्या टेलोमेस्टॅटिनचा कड्यासारखा आकार या दृष्टीने नमुनेदार मानला जातो. हे निसर्गाचेच कसब म्हणावे.

चाचण्या

क्वारफ्लॉक्सिन मानवी चाचण्यांच्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचले, परंतु शरीरात पुरेसे उपलब्ध होत नसल्याने मागे पडले. सीएक्स-५४६१ हे संयुग बीआरसीए जनुकांत दोष असलेल्या अर्बुदांवर तपासले गेले. अशा पेशींना डीएनएतील तुटी नीट सांधता येत नाहीत. काही रुग्णांना गुण आला, मात्र उन्हात त्वचेला व डोळ्यांना इजा होणे हा दुष्परिणाम आढळला. निरोगी पेशींतही चौपेडी रचना असतात, त्यामुळे योग्य मात्रा ठरवणे कठीण जाते.